तो आपला कोण लागतो?

जून २०२५ च्या अखेरीस मीरा रोडच्या एका मिठाईच्या दुकानात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे काही कार्यकर्ते शिरले. मराठीत बोला, असे त्यांनी सांगितले. मराठी सक्तीची का, असे दुकानदाराने विचारले. आणि या प्रश्नाचे उत्तर त्याच्या गालावर देण्यात आले. प्रकार चित्रित झालेला असल्यामुळे ती चपराक घरोघर मोबाईलवर जाऊन पोचली. ३ जुलै रोजी व्यापाऱ्यांनी दुकानांच्या फळ्या लावून घेतल्या व ते रस्त्यावर आले. ८ जुलै रोजी मराठी माणसांचा मोर्चा ठरला, तर त्यास पोलिसांनी परवानगी नाकारली आणि पुढाऱ्यांस दिवस उजाडण्यापूर्वीच उचलून नेले. व्यापाऱ्यांस एक न्याय व मराठी माणसास दुसरा, अशी त्यावर तक्रार झाली. ती अगदीच खोटी होती असे आम्हांस म्हणवत नाही. मोर्चा शेवटी निघालाच. परिवहन मंत्री त्यात सामील व्हावयास आले, त्यांस लोकांनी घोषणा देऊन परत लावले. दुसऱ्याच दिवशी पोलीस आयुक्तांची बदली झाली. १८ जुलै रोजी राज ठाकरे यांची सभा झाली. वर्तमानपत्रांचा महिना मोठ्या मजेत गेला.

एवढा गलका झाला, परंतु एक साधा प्रश्न त्यात कोणास सुचला नाही. गल्ल्याच्या अलीकडे उभा असलेला माणूस व पलीकडे उभा असलेला माणूस, हे एकमेकांचे कोण लागतात?

हा प्रश्न आम्ही आमच्याच भाषेच्या जोरावर विचारीत आहो. मराठीत 'लागणे' या क्रियापदाची मोठी मौज आहे. 'तो तुझा कोण लागतो?' असे विचारले तर उत्तर नात्याचे येते: मामा लागतो, साडू लागतो. 'तू त्याचे काय देणे लागतोस?' असे विचारले तर उत्तर कर्जाचे येते. नात्यास व ऋणास एकच शब्द वापरणाऱ्या आमच्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या पूर्वजांस तत्त्वज्ञान शिकविण्यास कोणी शास्त्री गेला नव्हता. ज्याचे आपण काही लागतो त्याचे आपण काही देणेही लागतो, हे त्यांनी नांगर धरता धरता ओळखले होते. आता ज्याचे आपण कोणीच लागत नाही, ज्याची जात, बोली, देव व जेवण आपल्याहून निराळे, अशा माणसाचे आपण काही देणे लागतो की नाही, एवढाच वाद उरतो. आणि मीरा-भाईंदरमध्ये जो वाद पेटला तो मुळात हाच आहे.

आमची बाजू आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी आम्हांस दोन्ही डगरींवर हात ठेवणारे म्हणू नये. महाराष्ट्रात राज्यकारभार, न्याय, दवाखाना व दुकान यांतून मराठी चालली पाहिजे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. ज्या कुणब्याचे, आगऱ्याचे, कोळ्याचे शिक्षण चौथीत सुटले त्यास दुसरी भाषा कोठून येणार? तलाठ्याचा कागद पूर्वी मोडीत होता म्हणून तो फसला, मग इंग्रजीत होता म्हणून फसला. उद्या तो तिसऱ्याच भाषेत आला तर तो पुन्हा फसेल. १६ एप्रिल २०२५ च्या सरकारी निर्णयाने पहिलीच्या पोरांच्या डोक्यावर हिंदी चढविली होती; ती लोकांनी विरोध केल्यामुळे २९ जून रोजी सरकारास उतरवावी लागली, हे योग्यच झाले. मराठीचा आग्रह म्हणजे गरिबाच्या तोंडास शब्द मिळावा हा आग्रह. मात्र ज्यास आपण गरिबाच्या तोंडाचा कैवार म्हणतो, त्याचा आरंभ दुसऱ्याच्या तोंडात मारून व्हावा हे कसे काय?

तोंड ही वस्तूच मोठी विलक्षण आहे. आमच्या लोकांत 'त्याचे तोंड पाहणार नाही' असे म्हणून संबंध तोडण्याची चाल आहे. कामास निघताना विधवेचे तोंड दिसू नये म्हणून त्या बिचारीस मागच्या दाराने हिंडविणारी घरे फार जुनी झालेली नाहीत. तोंड पाहिले की काहीतरी गळ्यात पडते, हे माणसास आतून ठाऊक असते. म्हणून तो तोंड चुकवितो, खाली पाहतो किंवा समोरच्यास खाली पाहावयास लावतो. ज्या विधवांची तोंडे पाहणे अशुभ होते त्यांच्यासाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यास आपल्या घराचे दार उघडले आणि त्यांची बाळंतपणे केली. त्या बायका बहुतेक ब्राह्मणांच्या होत्या. जोतीरावांच्या त्या कोण लागत होत्या? ब्राह्मणांशी त्यांचा उभा दावा होता. तरी दाराशी आलेल्या बाईस 'तुझ्या जातीने आमच्या जातीस छळले, तू आधी त्याचा जाब दे' असे त्यांनी म्हटल्याचे कोठे नमूद नाही.

तोंडाचा हाच विचार युरोपात एका पंडिताने पुढे फार बारकाईने केला. त्याचे नाव इमॅन्युएल लेव्हिनास. जातीने यहुदी, जन्म १९०६ साली लिथुआनियातील कौनास गावी, पुढे फ्रान्सात स्थायिक. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच फौजेत होता. १९४० साली जर्मनांनी त्यास पकडले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत ठेवले. अंगावर फ्रेंच फौजेचा पोशाख होता म्हणून त्याचा जीव वाचला. त्याचे आईबाप व भाऊ लिथुआनियात मारले गेले. बायको व मुलगी फ्रान्समध्ये परक्या लोकांनी लपवून ठेवल्यामुळे जगल्या. अशा माणसाने १९६१ साली जो मोठा ग्रंथ लिहिला त्याचे सार आमच्या साध्या भाषेत असे: समोरच्या माणसाचे उघडे तोंड हीच एक आज्ञा आहे. ते तोंड काही न बोलता सांगते की मला मारू नकोस, मला टाकून जाऊ नकोस. मी त्यास ओळखतो की नाही, तो माझ्या धर्माचा आहे की नाही, तो माझ्यासाठी काही करील की नाही, हे हिशेब मागाहून येतात. देणे आधीच लागू झालेले असते. दुसरा मनुष्य हा माझीच दुसरी प्रत नव्हे, मी त्यास माझ्या मापात बसवू शकत नाही, आणि त्याचे हे न बसणे हाच त्याचा मान.

या लेव्हिनासने आपल्या कैदेतील एक हकिकत लिहून ठेवली आहे. यहुदी कैद्यांची टोळी रोज रानात लाकडे तोडावयास नेत. रस्त्यात भेटणारे गावकरी, बाया, पोरे त्यांच्याकडे पाहत, पण जणू तेथे माणसे नाहीतच असे पाहत. तेवढ्यात एक भटके कुत्रे कोठून तरी येऊन राहिले. सकाळी कैदी कामावर जाताना व सायंकाळी परत येताना ते उड्या मारी, भुंके, आनंद करी. कैद्यांनी त्याचे नाव बॉबी ठेवले. त्या कुत्र्यास कैदी ही माणसे आहेत याविषयी शंका नव्हती. काही आठवड्यांनी पहारेकऱ्यांनी त्यास हाकलून दिले.

महाराष्ट्राच्या वाचकास ही गोष्ट परदेशची वाटू नये. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत होती, कुत्री पाणी पीत होती, मुसलमान व ख्रिस्ती पाणी भरीत होते. आणि ज्या माणसांस तेथे ओंजळ बुडविण्याची बंदी होती त्यांनी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागे जाऊन ते पाणी प्यायले, तेव्हा त्यांची डोकी फोडण्यात आली. जर्मनीच्या रानात एका कुत्र्यास जे कळले ते महाडच्या सवर्णांस कळले नाही, यात आम्हांस विनोद दिसत नाही.

लेव्हिनासने नीतीचे एक अगदी घरगुती उदाहरण दिले आहे. दारातून आत जाताना आपण दुसऱ्यास 'आधी आपण' म्हणतो, त्यात सारी नीती आली, असे तो म्हणतो. पॅरिसच्या दारापुरते हे ठीक दिसते. सायंकाळी चर्चगेटहून सुटणाऱ्या विरार गाडीच्या दाराशी उभे राहून त्याने हे म्हणावे! त्या गाडीत मीरा रोडचा किंवा भाईंदरचा उतारू चढला, की विरारचे उतारू त्यास 'तुझी गाडी दुसरी' म्हणून दटावतात. त्यास उतरू द्यावयाचे की नाही हेही कधी कधी दाराशी उभी असलेली मंडळीच ठरवितात. फलाटावर असतो तोपर्यंत मनुष्य हात जोडतो, 'थोडे आत सरका हो' म्हणतो. पाय आत टेकला की पुढच्या स्थानकावर तोच खांदा आडवा घालतो. परका होण्यास व परक्याचा वैरी होण्यास एका स्थानकाचे अंतर पुरते. मग त्याच डब्यात तिघांच्या बाकावर चौथ्यास अर्धी मांडी टेकू देण्याची रीतही आहे. तिचा कायदा कोठे लिहिलेला नाही. चौथा कोणत्या प्रांताचा, हे विचारून कोणी सरकत नाही. तो दमला आहे हे त्याच्या तोंडावर दिसते, एवढ्यावर सरकतात.

ही गाडी हेच मीरा-भाईंदरचे खरे चित्र आहे. मीरे, काशी, नवघर, गोडदेव, खारी, राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन, घोडबंदर अशी ही गावे. आगर म्हणजे मिठागर, व मिठागर राबविणारा तो आगरी. भाईंदरच्या मिठाने कित्येक पिढ्यांची पोटे भरली. किनाऱ्यावर कोळी. उत्तन-डोंगरीकडील पुष्कळ घरे पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाली, पण घरात मराठीचीच बोली राहिली. त्यांच्यातील काही मंडळींनी १८८७ साली राणीच्या ज्युबिलीच्या वेळी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, म्हणजे येथील मूळच्या माणसांचेच नाव सर्वांत परके ऐकू येते! १९८५ साली या गावांची नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या शिरगणतीत वस्ती सुमारे १ लाख ७५ हजार होती, २००१ साली ५ लाख २० हजार झाली, २०११ साली ८ लाख ९ हजार. वीस वर्षांत साडेचारपट! या हिशेबाने दर पाच माणसांतील चार नुकती डब्यात चढलेली. गिरणगाव मोडल्यावर परळ-लालबागची खोली विकून आलेला मराठी कामगार येथे आला. मारवाडी व गुजराती आला, भय्या आला, बंगाली सोनार आला. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मेली, त्यानंतर जीव मुठीत धरून निघालेली मुसलमान कुटुंबे मीरा रोडच्या नयानगरात व मुंब्र्यात राहिली. ज्यांस आपण टोळी करून राहतात म्हणून नावे ठेवतो, ती टोळी कोणी करविली हेही पाहावे.

अशा गावी 'परका कोण?' या प्रश्नास उत्तर देताना प्रत्येकजण आपण कोणत्या स्थानकावर चढलो ते विसरतो. सहकारी गृहसंस्थांचे पाहा. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचे २३ वे कलम सांगते की पुरेशा कारणावाचून कोणास सभासद होण्यास मज्जाव करता येणार नाही. परंतु मांसाहारी नको, मुसलमान नको, अशी तोंडी पाटी किती दारांवर लागलेली असते! 'पुरेसे कारण' म्हणजे काय, हे चिटणीसाच्या स्वयंपाकघरात ठरते. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जमातीपुरती संस्था ठेवण्याची मोकळीक मान्य केली, तेव्हापासून अशा लोकांस धीरही आला. मग सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईस कचेरीसाठी जागा केवळ ती मराठी म्हणून नाकारण्यात आली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राच्या अंगाची लाही झाली. आमच्याही झाली. पण त्या बाईसाठी ज्यांचे रक्त उसळले त्यांपैकी किती जणांनी आपल्या स्वतःच्या संस्थेच्या सभेत अन्सारीच्या किंवा कांबळ्याच्या अर्जावर सही केली आहे? त्याच वर्षी जून महिन्यात मीरा रोडच्या एका वसाहतीत बकरी ईदसाठी एका रहिवाशाने दोन बोकड आणले, तर खाली जमाव जमून हनुमान चालिसाचा पाठ सुरू झाला व पोलीस बोलवावे लागले. मारुतीरायास या कामी लावण्यापूर्वी कोणी त्या शेजाऱ्याच्या घरी जाऊन 'बाबा रे, येथे कापू नको, ठरलेल्या जागी कर' एवढे सांगितले असते, तर चालले नसते काय?

आता आमचा वाचक आमच्यावर डाफरेल. तो म्हणेल, 'हे सारे देणे आम्हीच का द्यावे? तुमचा तो फ्रेंच पंडित म्हणतो की दुसरा काय करतो ते पाहू नका. आम्ही तेच तर आजवर केले. गल्ला त्यांच्या हाती गेला, जागा त्यांच्या हाती गेली, आता भाषाही जाते. आणखी किती सरकावे?'

ही तक्रार खोटी नाही, व तिला भाबडेपणाचे उत्तर देऊन आम्ही वाचकाचा अपमान करणार नाही. लेव्हिनाससही हा पेच दिसला होता. जगात मी आणि समोरचा असे दोघेच असतो तर देण्याची बाब सोपी होती, असे तो म्हणतो. परंतु समोरच्याच्या मागे तिसरा उभा असतो. त्याचेही मी देणे लागतो. मग कोणाचे आधी, कोणाचे किती, हे मोजावे लागते. त्यासाठी न्यायालय, कायदा, सरकार ही सारी यंत्रणा. मिठाईच्या दुकानातला तिसरा कोण? उत्तनहून मासळी विकून आलेली म्हातारी. तिला दोन पेढे घ्यावयाचे आहेत व तिला मराठीवाचून काही येत नाही. ज्या शहरात पिढी-दीड पिढी धंदा केला, बंगला बांधला, तेथील म्हातारीचे बोलणे समजून घेण्याची ज्यास गरज वाटली नाही, तोही देणे चुकविणारा आहे. भाषा शिकणे म्हणजे गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे पाहणे; तो त्याच्या पाकिटाकडेच पाहत राहिला. 'सक्तीची का?' हा प्रश्न कायद्याने त्यास विचारता येतो, पण माणुसकीने तो त्यास सुचावयासच नको होता. आणि मारणारा? तो त्या म्हातारीच्या नावाने आला, पण ती त्याच्याबरोबर नव्हती, व त्या चपराकीनंतर तिच्याशी मराठीत गोड बोलणारा एकही दुकानदार वाढला असे आम्हांस वाटत नाही. भिऊन 'नमस्कार' म्हणणारे मात्र वाढले असतील. शिवाय दुकानात गल्ल्यावर जो बसतो तो पुष्कळदा मालकही नसतो. राजस्थानच्या किंवा बिहारच्या खेड्यातून आलेला, दुकानातच निजणारा पोरगा असतो. त्यास मराठी शिकविण्यास कोणती पाठशाळा आपण काढून ठेवली आहे?

गल्ल्याच्या दोन बाजूंची एक जुनी गोष्ट कोल्हापूरची आहे. राजवाड्याच्या तबेल्यात काम करणाऱ्या गंगाराम कांबळे या महार नोकराने तेथील हौदाच्या पाण्यास हात लावला म्हणून त्यास बेदम मारण्यात आले. मारणारे कोण? ब्राह्मण नव्हते. तबेल्यातलेच मराठे नोकर होते. आमच्या चळवळीच्या वाचकांनी ही गोष्ट सांगताना एवढा भाग खाली आवाजात सांगू नये. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांचा समाचार घेतला, आणि मग त्याहून अवघड गोष्ट केली. त्यांनी गंगारामास चहाचे दुकान काढावयास लावले, व आपली गाडी त्या दुकानापुढे उभी करून तेथला चहा स्वतः घेतला. बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींसही घ्यावा लागला. राजाने कोणाच्या तोंडात मारली नाही. राजाने गंगारामाच्या हातचा चहा आपल्या तोंडास लावला. एवढी सत्ता हाती असून त्या माणसाने सक्तीची सुरुवात आपल्यापासून केली, आणि मग सोबत्यांस म्हटले, घ्या!

सरकारच्या हातातील सत्तेचे मात्र उलट असते. २१ जानेवारी २०२४ च्या रात्री, अयोध्येच्या सोहळ्याच्या आदल्या दिवशी, नयानगरात झेंडे लावलेल्या गाड्यांवरून मारामारी झाली. ज्यांनी दगड व काठ्या चालविल्या त्यांस पकडून न्यायालयापुढे उभे करणे हे सरकारचे कामच होते. परंतु दोनच दिवसांनी तेथे बुलडोझर आला व बेकायदा बांधकामे म्हणून टपऱ्या व दुकानांचे दर्शनी भाग पाडून गेला. ती बांधकामे आदल्या आठवड्यातही बेकायदाच होती ना? मग २३ तारखेसच का दिसली? यंत्रास तोंड दिसत नाही, आणि तेच त्याचा मोठा गुण मानून ते आणलेले असते. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आरोपी आहे म्हणून घर पाडणे घटनाबाह्य ठरविले व पंधरा दिवसांच्या नोटिशीवाचून पाडापाडी करू नये असे बजावले. कोर्टाने त्या तिसऱ्याचे काम केले, जरा उशिरा केले.

याच गावाच्या रुळांवर तिसऱ्याचे काम किती अवघड असते तेही दिसले आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले, त्यांतला एक मीरा रोड-भाईंदरकडील गाडीत झाला. एकंदर १८९ माणसे मेली असे न्यायालयात नोंदले गेले. त्या संध्याकाळी रुळांकाठच्या वस्त्यांतील माणसे चादरी घेऊन धावली व हाती लागेल त्यास उचलून दवाखान्यात नेते झाली. चादरीत कोणत्या धर्माचा हात आहे हे पाहण्यास कोणास वेळ नव्हता. पुढे माणसे पकडली गेली व खालच्या न्यायालयाने शिक्षा दिल्या. २१ जुलै २०२५ रोजी, म्हणजे त्याच चपराकीच्या गदारोळात, मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांस निर्दोष सोडले. त्यांतला एक तुरुंगातच मेला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत देऊ नये, एवढी स्थगिती २४ जुलैस मिळाली. आता या प्रकरणात आपण कोणाचे देणे लागतो? ज्या घरचा कर्ता गाडीत मेला त्या घराचे, की एकोणीस वर्षे कोठडीत काढून पांढरे केस घेऊन परतलेल्याचे? दोघांचेही लागतो. एकाचे देणे दुसऱ्याच्या खाती वळवून फेडता येत नाही. ज्यांनी सुटलेल्यांची मिठाई वाटली व ज्यांनी 'कोर्टही विकले' म्हणून बोटे मोडली, त्या दोघांसही खाते एकच वाटले.

येथे लेव्हिनासची एक गोष्ट सांगणे भाग आहे, नाही तर आम्ही पंडितांची आरती करतो असे व्हावयाचे. १९८२ साली बैरूतजवळ साब्रा व शातिला या छावण्यांत पॅलेस्टिनी लोकांची कत्तल झाली. करणारे लेबनॉनचे ख्रिस्ती सैनिक होते, व भोवती पहारा इस्राएलच्या फौजेचा होता. त्यानंतर एका रेडिओच्या मुलाखतीत लेव्हिनासला विचारण्यात आले, की तुम्ही ज्यास 'दुसरा' म्हणता तो इस्राएलीस पॅलेस्टिनीच नव्हे काय? सरळ 'होय' त्याच्या तोंडून आले नाही. तो शेजाऱ्याकडे व आप्ताकडे वळला, आणि शेजारी शेजाऱ्यावर उठला तर काय, असे म्हणू लागला. ज्याने जन्मभर तोंडाचे तत्त्वज्ञान सांगितले त्यास नेमके ते एक तोंड पाहताना डोळे खाली घालावे लागले. पोथीतली वांगी ती हीच! विद्वान लोक आजही त्या उत्तरावर भांडत आहेत. आमचे म्हणणे एवढेच की त्याने सांगितलेले माप खोटे नव्हते. ते त्याच्या घराशी आले तेव्हा जड झाले. आमच्या जोतीरावांनी हे माप उलट घरातूनच लावावयास घेतले होते. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे, त्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान व मुलगा सत्यधर्मी, आणि सगळी एका छपराखाली मत्सर न करता राहतात. चूल एक असता देव चार! मीरा रोडच्या कोणत्या गृहसंस्थेने या कुटुंबास खोली दिली असती ते आम्हांस सांगावे.

शेवटी एक बाब उत्तनची. साऱ्या मीरा-भाईंदरचा कचरा वर्षानुवर्षे उत्तनच्या धावगी डोंगरावर नेऊन टाकला जातो. तेथे ढिगांस आगी लागतात, धूर खालच्या कोळीवाड्यात उतरतो, पावसाळ्यात काळे पाणी खाली येते. खाली राहणारे कोळी व शेतकरी मराठी बोलतात. त्यांतले पुष्कळ ख्रिस्ती आहेत. म्हणजे भाषेने आपले व धर्माने निराळे, आणि कचऱ्याच्या बाबतीत कोणाचेच नव्हेत. त्यांनी मोर्चे काढले, निवेदने दिली, कोर्टकचेऱ्या केल्या. त्यांच्यासाठी मीरा रोडच्या व्यापाऱ्यांनी एक दिवस दुकाने बंद ठेवल्याचे आम्हांस आठवत नाही, आणि ८ जुलैसारखी गर्दी लोटल्याचेही आठवत नाही. मिठाईच्या दुकानातील रिकामे खोकेही तिकडेच जाते व मोर्चेकऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्याही तिकडेच जातात.

महानगरपालिकेपुढे आमची दोन मागणी आहेत. प्रत्येक प्रभागातील शाळा रात्री आठ ते दहा मोकळ्या असतात; तेथे दुकानांतील व बांधकामावरील परप्रांतीय मजुरांसाठी फुकट मराठी वर्ग उघडावे, आणि शिकविण्याचे काम ८ जुलैच्या मोर्चात चाललेल्या ज्या बायकांनी व तरुणांनी इच्छा दाखवावी त्यांस मानधन देऊन सांगावे. व्यापाऱ्यांच्या संघाने आपल्या नोकरांस त्या वेळी सोडावे व पाटी-पेन्सिलीचा खर्च उचलावा. आणि धावगीच्या प्रश्नावर पुढची सभा पालिकेच्या थंड दालनात न घेता डोंगराच्या पायथ्याशी कोळीवाड्यात, वारा खालच्या बाजूस वाहत असेल अशा दिवशी घ्यावी. नगरसेवक, गृहसंस्थांचे चिटणीस व दुकानदार या सर्वांस तिचे निमंत्रण जावे. खुर्च्या उत्तनकर देतील, त्यांची तशी रीत आहे.